खाडीचा सातबारा कोण लिहिणार?

शिवडीहून निघालेला अटल सेतू खाडी ओलांडून चिर्ल्यापाशी जमिनीला टेकतो. तिथून जासई जवळच. दरवर्षी 16 जानेवारीला जासईत आणि 17 जानेवारीला पागोट्यात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. 1984 साली याच दोन दिवशी जमिनीच्या हक्कासाठी रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. पाच माणसं गेली. मी उरण तालुक्यातला. शाळेत असल्यापासून या कार्यक्रमाला जातो. तिथली भाषणं आता जवळजवळ पाठ झाली आहेत. आधी या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे आमचे दिबा, यांच्या आठवणी निघतात, मग व्यासपीठावरचे आमदार-खासदार आपापल्या काळात किती निधी आला ते सांगतात, आणि अलीकडे शेवट विमानतळाच्या नावावर होतो.

नावाचा आग्रह माझाही आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून 10 जून 2021 रोजी मानवी साखळी झाली, तिच्यात मी उभा होतो. 24 जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या बेलापूरच्या भवनाकडे गेलेल्या आंदोलनातही होतो. पुढच्या वर्षी विधिमंडळाने तसा ठराव केला तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले गेले. पण त्या साखळीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझ्या उजव्या हाताला गव्हाणकडचे एक कोळी काका होते. घोषणा जरा थांबल्या तसे ते म्हणाले, "बाला, शेतकऱ्याला साडेबारा टक्के भेटले. आमच्या खाडीचे किती?"

साडेबारा टक्के म्हणजे सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला परत मिळालेला विकसित भूखंडाचा वाटा. काकांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो, जुनी माणसं गाठली, कोर्टाचे निकाल काढले. त्यातून जे मत झालं ते असं: किनाऱ्यावरच्या आमदाराची कारकीर्द त्याने आणलेल्या निधीवर मोजू नये. ज्यांचा हक्क सरकारच्या कोणत्याच कागदावर नाही, अशा किती लोकांचा हक्क त्याने कागदावर आणला, यावर ती मोजावी. दिबांनी जमिनीच्या बाबतीत हे करून दाखवलं. पाण्याच्या बाबतीत ते अजून कोणीही केलेलं नाही, आणि आज किनाऱ्यावर याहून निकडीचं काम दुसरं नाही.

कागदाचं महत्त्व आमच्या जिल्ह्याला नव्याने सांगावं लागत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये संप सुरू केला आणि जवळजवळ सहा वर्षं गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या, सावकारांच्या जमिनी कसल्या नाहीत. खारेपाटातली भातशेती ओस ठेवून माणसं मिळेल त्या मजुरीवर जगली. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालायचा, चिखल तुडवायचा, आणि जमिनीच्या दप्तरात आपलं नाव कुठेच नाही, हे त्यांचं मूळ दुखणं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते त्या वेळी मंजूर झालं नाही. पण 1939 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, 1948 चा कुळकायदा आला, पाठोपाठ खोती संपवणारा कायदा झाला, आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी कायद्याने कसणाऱ्याला मालक ठरवलं. आज आपण उशाशी जपून ठेवतो तो सातबारा असा आलेला आहे. आधी लोक झगडले, मग कोणीतरी सभागृहात उभं राहिलं, मग तलाठ्याच्या दप्तरात नाव चढलं.

त्याच 1957 साली जासईचा एक तरुण वकील पनवेलमधून विधानसभेत गेला. पुढे 1962, 1967, 1972 आणि 1980 असा पनवेलने दिबांना आणखी चार वेळा निवडून दिलं. विधानसभेत ते विरोधी पक्षनेते झाले. 1977 मध्ये कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मतदारसंघातून लोकसभेत गेले. 1984 च्या डिसेंबरात, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत देशभर विरोधक वाहून गेले, तेव्हाही शेतकरी कामगार पक्षाच्या या माणसाला कुलाब्याने पुन्हा दिल्लीला पाठवलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत जासई घडली होती. मंत्रिपद त्यांना आयुष्यभर मिळालं नाही. खासदार निधीची योजना 1993 मध्ये सुरू झाली. त्यांच्या खासदारकीच्या दोन्ही मुदती त्याआधीच संपल्या होत्या. आजच्या मोजपट्टीने पाहिलं तर या माणसाने 'काहीच आणलं नाही' असं म्हणावं लागेल. ती मोजपट्टी किती चुकीची आहे हे कळायला एवढं एक उदाहरण मला पुरतं.

1957 ला मालक झालेल्या कुळांची मालकी किती टिकली ते पाहा. मुंबईसमोर जुळं शहर वसवायचं ठरलं आणि 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन त्यासाठी घ्यायची होती. म्हणजे ज्या घरांनी सहा वर्षं उपास काढून, मग आणखी अठरा वर्षं वाट पाहून जमिनीवर नाव लावलं, त्यांच्या हातात तेरा वर्षांत संपादनाच्या नोटिसा पडल्या. तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा होता. इंग्रजांनी केलेल्या त्या कायद्यात सरकार जमीन घेतं, भाव ठरवतं, पैसे देतं आणि शेतकऱ्याशी असलेला संबंध संपवतं. पुढे त्या जमिनीवर शहर उभं राहिलं, तिची किंमत शंभरपट झाली, तरी मूळ मालकाचा तिच्याशी काही संबंध उरत नाही.

दिबांनी नेमका हा संबंध तोडू दिला नाही. चांगला भाव मागणारे पुढारी देशात सगळीकडे होते. त्यांनी भावाच्या पुढे जाऊन सांगितलं की जमिनीतून जे उभं राहणार आहे त्यात शेतकऱ्याचा कायमचा वाटा आहे. जासईनंतर सरकारला हे तत्त्व मान्य करावं लागलं. 1990 नंतरच्या शासन निर्णयांमधून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना प्रत्यक्षात आली. 'साडेबारा टक्के' हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत येतो, भाऊबंदकीत येतो, मयताच्या ओटीवरही येतो. विमानतळासाठी वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर अशी दहा गावं उठली, तेव्हा तोच वाटा वाढून साडेबावीस टक्क्यांवर गेला. 1894 च्या कायद्यात नसलेली गोष्ट एका विरोधी बाकावरच्या आमदाराने लोकांना सोबत घेऊन राज्याच्या धोरणात आणली. कारकीर्द म्हणतात ती ही.

या योजनेचे दोष मी झाकणार नाही. ते आमच्याच घरांत दिसतात. साडेबारातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊच आले. पात्रता सिद्ध करताना म्हातारी माणसं टेबलाटेबलाला झिजली, आणि फाइल हलवून देणारे दलाल त्यांच्या आधी श्रीमंत झाले. भूखंड हातात पडण्याआधीच कितीतरी जणांनी तो बिल्डरला लिहून दिला. पैसे आले, गाड्या आल्या, घरं पाडून बंगले झाले, आणि दहा वर्षांत हात पुन्हा रिकामे. बहिणींच्या हक्कसोड पत्रांवर किती घाईने अंगठे घेतले गेले, हे तर कोणी मोजलेलंही नाही. मला वाटतं दिबांनंतरच्या आमदारांचं पहिलं मोठं अपयश इथे आहे. वाटा मिळाला, तो टिकावा म्हणून गावाच्या सहकारी संस्था, भाड्याच्या उत्पन्नाची व्यवस्था, विक्रीवर काही वर्षांची बंदी, यासाठी कोणी सभागृहात नेटाने भांडलं नाही. गावठाणांचंही तेच झालं. जमीन महसूल संहितेचं कलम 122 जिल्हाधिकाऱ्याला गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार देतं. कुटुंबं वाढली, हद्द वाढली नाही, आणि पोरांनी वडिलांच्या घराला लागून बांधलेल्या खोल्या सरकारी भाषेत अनधिकृत ठरल्या. त्यांना आम्ही 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतो. प्रत्येक निवडणुकीआधी त्यांच्याबद्दल नवा शासन निर्णय निघतो.

पण काकांचा प्रश्न याहून खोल आहे. शेतकऱ्याला कमी मिळालं, उशिरा मिळालं, तरी मिळालं, कारण त्याच्याकडे सातबारा होता. साडेबारा टक्के काढायचे तर आधी शंभर टक्के किती ते माहीत हवं, आणि ते सातबाऱ्यावर लिहिलेलं होतं. खाडीचे शंभर टक्के कुठे लिहिलेत?

ज्यांनी खाडी फक्त पुलावरून पाहिली आहे त्यांना तिथे चिखल आणि तिवरं दिसतात. तिथली माणसं तिथे वर्षभराचं पंचांग वाचतात. तिथीप्रमाणे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ठरतं, त्यावर डोल जाळं कधी लावायचं ते ठरतं. कोणी होडीतून जातं, कोणी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतं. कोणी ओहोटीला चिखलात हात घालून चिंबोऱ्या आणि निवट्या काढतं. बायका खडकावरची कालवं फोडतात, कोळंबी निवडतात, सुकवतात, पाटी घेऊन बाजारात बसतात. एकेकाळी पाहुणा आला की घरातलं माणूस खाडीवर जायचं आणि जिताडा मासा घेऊन यायचं. खार जमिनीच्या बांधातल्या उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, कोणी बसायचं, कुठल्या वळणावर कोणाचं जाळं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून भांडण झालं तर पंचांत मिटायचं. आगरी काय, कोळी काय, कराडी काय, अर्धं पोट शेतावर आणि अर्धं खाडीवर. सरकारने अर्ध्याची नोंद ठेवली आणि अर्ध्याची ठेवली नाही.

त्याचा परिणाम भराव पडायला लागल्यावर दिसला. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि तिथल्या मच्छीमारांना उरणजवळ बोरीपाखाडीला वसवलं गेलं. आज त्याला हनुमान कोळीवाडा म्हणतात. त्या जागेला वाळवी लागलेली. घरांची लाकडं पोखरली गेली, माणसं एका घरातून दुसऱ्या घरात सरकत राहिली. चाळीस वर्षं होत आली. नीट पुनर्वसनासाठी त्या गावाने होड्या घेऊन जहाजांचा मार्गही अडवला. देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक ज्यांच्या जागेवर उभं आहे, त्यांचा हा हिशेब अजून मिटलेला नाही.

मग जे सभागृहात व्हायला हवं होतं ते न्यायासनासमोर झालं. बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या कामामुळे मासेमारीची जागा गेली म्हणून पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. 27 फेब्रुवारी 2015 रोजी न्यायाधिकरणाने 1,630 कुटुंबांना मिळून 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. महाराष्ट्रात आमदाराला आज स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात. म्हणजे आदेशातली ही रक्कम एका आमदाराच्या एकोणीस वर्षांच्या निधीएवढी होते. हक्क मान्य होणं आणि निधी मिळणं यांत किती अंतर आहे, हे या दोन आकड्यांत दिसतं. आदेशानंतरही पैशासाठी पुन्हा झगडा चालूच राहिला, कारण आदेश एका प्रकल्पापुरता होता आणि मागे कायदा नव्हता.

दुसरा टप्पा ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाचा. मच्छीमारांची सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. 12 ऑगस्ट 2021 च्या निकालात न्यायालयाने राज्याला सांगितलं की प्रकल्पांमुळे बाधित होणाऱ्या मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण करा. 2023 मध्ये ते धोरण शासन निर्णयाच्या रूपाने आलं. ते आलं याचा मला आनंद आहे. पण शासन निर्णय म्हणजे मंत्रालयातल्या एका सहीने निघणारा आणि दुसऱ्या सहीने बदलणारा कागद. त्यावर सभागृहात कलमवार चर्चा झाली नाही, कोणत्याही आमदाराला हात वर करून बाजू घ्यावी लागली नाही. शिवाय भरपाई ही नुकसान झाल्यानंतरची गोष्ट. आधी हक्क लिहिला असता तर भराव टाकण्यापूर्वीच विचारावं लागलं असतं.

आणि हक्क लिहिता येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये जंगलात राहणाऱ्या समाजांना पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क शब्दांत दिलेला आहे. ग्रामसभा दावा करते, पुरावा म्हणून म्हाताऱ्यांच्या साक्षीही चालतात, नकाशा होतो, हक्कपत्र मिळतं. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत शेकडो अडचणी आहेत, पण जंगलातल्या तळ्यावर जे मान्य झालं ते समुद्राच्या खाडीवर का मान्य होऊ नये, याचं उत्तर मला कोणत्याही सरकारी कागदात सापडलेलं नाही.

हा सगळा विषय आता उरणपुरता राहिलेला नाही. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराला केंद्राने जून 2024 मध्ये मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्च 76,220 कोटी. त्यात 1,448 हेक्टर समुद्रात भराव टाकून जमीन तयार केली जाणार आहे. आमच्याकडे निदान गावची जमीन घेतली म्हणून दिबा उभे राहू शकले. वाढवणला प्रकल्पाची मुख्य जागाच पाण्यात आहे. तिथे साडेबारा टक्के कशाचे मागायचे? आणि त्या 1,448 हेक्टरवर कोणाची जाळी पडत होती, कोणत्या महिन्यात, कोणत्या गावची, हे कोणत्या तलाठ्याला विचारायचं? दिबांचं सूत्र जमिनीशी बांधलेलं होतं. ते पाण्यापर्यंत नेल्याशिवाय यापुढच्या बंदरांसमोर ते उपयोगी पडणार नाही.

बंदरं नकोतच, असं मी म्हणत नाही. माझ्या घरातली दोन माणसं बंदराच्या कामावर जगतात. गावातली कितीतरी पोरं कंटेनर यार्डात आहेत. समुद्राचं नुकसान फक्त प्रकल्पच करतात असंही नाही. पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने लहान मच्छीमाराचं काय केलं ते प्रत्येक बंदरावर ऐकायला मिळतं. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये कडक केला गेला, दंड वाढले, कारवाईचे अधिकार तहसीलदाराऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. हे राज्याने केलं आणि ठीक केलं. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: समुद्र आपल्या विधानसभेच्या हाताबाहेरचा नाही.

'बंदर केंद्राचं, समुद्र केंद्राचा, आमदार काय करणार?' हे वाक्य मी सभांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला इथे नीट उत्तर द्यावंसं वाटतं. मोठी बंदरं केंद्राच्या सूचीत आहेत, हे खरं. पण मासेमारी हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला 21 क्रमांकाचा विषय आहे; केंद्राच्या वाट्याला प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी येते. म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा हक्क कोणाचा, त्याची नोंद कशी, याचा कायदा मुंबईत आणि नागपुरात बसणाऱ्या आमदारांनीच करायचा आहे. भराव, बंदर, पूल, यातलं जवळजवळ सगळं याच बारा मैलांत होतं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. पक्षादेश असतो, मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली अशासकीय विधेयकं मंजूर होत नाहीत, विरोधातल्या आमदाराचं कोण ऐकतं? याला मी किनाऱ्यावरचंच उदाहरण देईन. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, 1957 पासून सलग तीनदा निवडून आलेले आणि कायम विरोधी बाकावरचे. मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ निकालात सांगितल्यानंतर 1967 मध्ये त्यांनी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दलचं अशासकीय विधेयक मांडलं. त्या विधेयकातल्या भूमिकेशी कोणी सहमत असेल, कोणी नसेल. पण देशभर त्यावर वाद झाला, समित्यांनी साक्षी घेतल्या. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले, विधेयक राहिलं, आणि त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणून तोच अधिकार घटनेत लिहिला. बाबासाहेबांचं खोतीचं विधेयकही मांडलं तेव्हा मंजूर झालं नव्हतंच. मांडलेलं विधेयक पडलं तरी त्यातला शब्द सभागृहाच्या कामकाजात राहतो, आणि पुढच्या सरकारला तो उचलावा लागतो. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, आश्वासन समिती आहे, विनंती अर्ज समिती आहे. मंत्र्याने 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर दिलं की ते आश्वासन म्हणून नोंदवून घेऊन पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारता येतं. या साधनांना पैसा लागत नाही. अभ्यास लागतो, आणि पाच-दहा वर्षं एकाच विषयाला चिकटून राहण्याची तयारी लागते.

अशा विधेयकात काय हवं, याचा मी बराच विचार केला आहे. प्रत्येक खाडीचा आणि किनाऱ्याचा मासेमारी नकाशा, गावसभेत वाचून दाखवून कायम केलेला. त्यात जाळ्यांच्या जागा, होड्या लावायच्या जागा, मासळी सुकवण्याची खळी, कालवांचे खडक, आणि कोळीवाड्याची सीमा. नोंद होडीवर न करता माणसावर करायची. यांत्रिक बोटीला क्रमांक असतो, तिच्या मालकाकडे सोसायटीचं सभासदत्व आणि डिझेलचा कोटा असतो, त्यामुळे भरपाईच्या यादीत तो येतो. पाग टाकणारा, चिखलात हात घालणारा आणि पाटी घेऊन बसणारी बाई यांच्याकडे यातलं काहीच नसतं. चरीच्या संपातल्या कुळांची जी अवस्था होती तीच आज यांची आहे. कष्ट सगळे त्यांचे, दप्तरात नाव कोणाचंच नाही. त्यानंतर, नोंदलेल्या क्षेत्रात भराव, पूल किंवा बंदर येणार असेल तर नोंदलेल्या लोकांची संमती. आणि शेवटी वाटा. बंदर जोवर कमावतं तोवर त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा गावाच्या संस्थेला दरवर्षी मिळावा. एकरकमी पैशाचं काय होतं ते आम्ही साडेबारा टक्क्यांत पाहिलं आहे, म्हणून तो विकता न येणारा असावा.

हे काम कोणत्या पक्षाच्या आमदाराने करावं, यात मला रस नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्याचे आमदार सगळ्या पक्षांत आहेत. त्यातल्या काहींना मी भेटलो. बहुतेकांनी आपुलकीने ऐकून घेतलं, चहा दिला आणि जेट्टीसाठी, सभामंडपासाठी पत्र द्या म्हणून सांगितलं. जेट्टी लागतेच; ती मागायला मला कमीपणा वाटत नाही. पण ती बांधून झाल्यावर तिच्यासमोरचं पाणी कोणाचं, हा प्रश्न तसाच राहतो. दोघांनी मात्र कागद मागून घेतले. एकाने रात्री फोन करून हरित न्यायाधिकरणाच्या निकालातला परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, 'याचं विधेयक कसं होईल?' त्या एका प्रश्नाने मला जेवढी उमेद दिली तेवढी गेल्या दहा वर्षांतल्या भूमिपूजनांनी दिली नाही.

गव्हाणचे काका आता खाडीवर जात नाहीत. गुडघे गेले, आणि त्यांच्या जाळ्याच्या जागेवर पाणीही पूर्वीसारखं येत नाही. मी त्यांना विचारून त्यांच्या जागा कागदावर काढून घेतल्या आहेत: कोणत्या तिवरापासून कोणत्या वळणापर्यंत, उधाणाला कुठे, भांगाला कुठे. आणखी नऊ जणांच्या काढल्या आहेत. त्यातले सातजण सत्तरीच्या पुढचे आहेत. येत्या 16 जानेवारीला हे नकाशे घेऊन मी जासईला जाणार आहे, आणि हुतात्म्यांना फुलं वाहून परत निघालेल्या प्रत्येक आमदाराला त्यांची एकेक प्रत देऊन विचारणार आहे, साहेब, अधिवेशनात कधी मांडताय?